तिसरा पूल

साओ पाउलोत, सांता इफिजेनियाच्या रस्त्यावर
दुसऱ्या मजल्यावर झुलेइदेचा गाळा.
दोन माणसं आत मावतात, तिसऱ्यानं जिन्यात थांबायचं.
जुलैची थंडी. सोल्डरिंगच्या धुरात
कॉफीचा वास मिसळलेला.

मी कागदावर लिहूनच नेलं होतं:
सोळा कोर, बत्तीस जीबी,
आणि ते ग्राफिक्स कार्ड, तीन पंख्यांचं.
तिनं कागद वाचला, चार घड्या घातल्या
आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला.

"चालवायचंय काय?"
"जुना गेम. चौऱ्याण्णव सालचा. कार्ट्रिजवरचा."
"मग सोळा कामगार कशाला?
पंधरा जण भिंतीला टेकून गप्पा मारतील, एकटाच राबेल.
असला गेम तर आता फोनवरही चालतो."

चालतो.
फोनवर चालवून पाहिला. भाच्याच्या, वेस्लीच्या डब्यावरही.
पण लिंदाल्वा तिसऱ्या पुलावर मरते.

मग सांगावंच लागलं.
ओसास्कोचं घर, गार फरशी,
हँगर वाकवून केलेली अँटेना,
ती बारा वर्षांची, मी नऊ.
तिसऱ्या पुलावर चार ड्रॅगन एकदम यायचे
आणि आमचा कन्सोल दमायचा.
चित्र जड व्हायचं, पाण्याखालून चालल्यासारखं.
मी ओरडायचो, बिघडला, बिघडला!
ती नेमकी त्या दमण्यातच उडी मारायची.

मार्चमध्ये तिला झटका आला.
उजवा हात परततोय, बोटाबोटानं.
फिजिओ म्हणाली, बटणं दाबू द्या, आवडीची.
वेस्लीचा डबा दमत नाही.
ड्रॅगन येतात लख्ख, सुळसुळीत,
आणि तिचा अंगठा पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं.
"हा तो गेम नाही," म्हणते,
कंट्रोलर मांडीवर पालथा घालते.
गेम वेगळा की हात,
हे घरात कुणी मोठ्यानं विचारत नाही.

झुलेइदेनं चष्मा कपाळावर चढवला.
"धावायचं सोंग कुणीही आणतं," ती म्हणाली.
"थकायचं सोंग आणायला दम लागतो.
जुन्या डब्यातल्या एकेका चिपचा एकेक ठोका
मोजत बसावं लागतं, सगळ्यांचे, एका तालात.
सोप्या वाटेनं गेलं की
पहिलं काय गळतं, तर ते अडखळणं."

मी खिशातल्या नोटा मोजल्या.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही.

तिनं मागून एक काळा डबा ओढला,
बंद पडलेल्या कुठल्याशा बँकेचा,
पाठीवर अजून मालमत्ता क्रमांकाची चिठ्ठी.
चारच कोर, पण एकेक चपळ.
जुनी पेस्ट खरवडली, नवी लावली
दातांच्या डॉक्टरच्या हलक्या हातानं.
"कार्ट्रिज आहे ना? दे, वाचून घालते.
कंट्रोलर वायरचाच घे. हवेतून येणारं बोट उशिरा पोचतं.
आणि टीव्ही स्वतःची अक्कल वापरून चित्र सजवत बसतो,
ती अक्कल बंद कर."
कार्डाचे पैसे उरले.
त्यातून फिजिओचे पाच आठवडे होतील,
हा हिशोब मी बसमध्ये केला.

रविवारी रात्री.
पहिला पूल. दुसरा. वेस्ली मोबाईल बाजूला ठेवतो.
तिसरा.
चार ड्रॅगन, आणि चित्र जड होतं,
पडदा धापा टाकतो,
बँकेच्या डब्याचा पंखा जीव तोडून घरघरतो
मंद होण्यासाठी.
लिंदाल्वा पुढं सरकते, ओठ दाबते,
उडी मारते,

आणि पाण्यात पडते.

आम्ही कुणी हलत नाही.
ती पडद्याकडं बघत राहते
ओळखीच्या माणसाकडं बघावं तशी.
"हां," म्हणते, "आता चूक माझी आहे.
पुन्हा लाव."